विश्रामबागवाडा कोणाचा?

पुण्यातल्या ज्या रस्त्याला थोरल्या बाजीरावाचे नाव दिले आहे, त्याच रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा उभा आहे. आजोबांच्या नावाचा रस्ता आणि नातवाचे घर! पुण्याच्या रस्त्यांची नावे ठेवणाऱ्यांनी हा विनोद जाणूनबुजून केला असेल असे मला वाटत नाही. पण इतिहासाला असे विनोद करण्याची सवय आहे खरी. आजोबांचा शनिवारवाडा १७३२ साली पुरा झाला, तो सोळा हजार एकशे दहा रुपयांत. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी नातवाने विश्रामबाग बांधली, तिला दोन लाखांच्या घरात खर्च आला. आजोबांनी सोळा हजारांच्या वाड्यातून दिल्लीपर्यंत घोडे नेले. नातवाने दोन लाखांच्या वाड्यात विश्रांती घेतली. एवढी दोन वाक्ये लिहिली की दुसऱ्या बाजीरावावरचा निबंध पुरा होतो आणि परीक्षेत गुणही चांगले पडतात.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत दुसरा बाजीराव फार सोयीचा माणूस आहे. मास्तराला पराभवाचे एक कारण लागते आणि कादंबरीकाराला एक खलपुरुष लागतो. हा गृहस्थ दोघांचीही गरज भागवतो. पण माणसावर निकाल देणे सोपे असले, तरी घरावर निकाल देणे सोपे नसते. माणूस मरतो, घर उरते. आणि उरलेले घर धन्याच्या हयातीत जे करीत नव्हते ते करू लागते. विश्रामबागेची हकीगत मला सांगावीशी वाटते ती यासाठी.

प्रथम ह्या घराचा जन्म पाहू. १८०१ सालच्या एप्रिल महिन्यात बाजीरावाने विठोजी होळकराला शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिले. विठोजीचा भाऊ यशवंतराव हे विसरणारा नव्हता. दुसऱ्या वर्षी तो फौजेनिशी पुण्यावर चालून आला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या बाजूला त्याने पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा मोड केला. ज्या दिवशी पुण्यातल्या घराघरांत अभ्यंगस्नाने व्हायची, त्या दिवशी पेशवा सिंहगडाची वाट धरून पळाला. तेथून तो महाडास गेला आणि शेवटी समुद्रमार्गे वसईस इंग्रजांच्या आश्रयाला पोहोचला. १८०२ सालच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, त्याने वसईच्या तहावर सही केली. कंपनीची फौज कायमची पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी सालीना सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि कंपनीच्या सल्ल्यावाचून दुसऱ्या कोणाही सत्तेशी बोलणे लावायचे नाही, असा तो तह होता. १३ मे १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या सावलीत तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

गादी मिळाली, पण ती ज्या वाड्यात होती तो शनिवारवाडा त्याला मानवणारा नव्हता. १७७३ साली गारद्यांनी नारायणरावाला तेथेच कापून काढले होते, आणि त्या खुनाचा डाग बाजीरावाच्या बापावर, राघोबादादावर, होता. १७९५ साली सवाई माधवरावाचा घात झाला तोही त्याच वाड्यात. वरच्या मजल्यावरून तो खाली कोसळला. पुतण्याच्या आणि नातवाच्या रक्ताने माखलेल्या त्या चौकांत राघोबाच्या मुलाला स्वस्थ झोप लागत नसेल, असे लोक म्हणत. लोकांचे म्हणणे नेहमी खरे असते असे नाही. पण दुसऱ्या बाजीरावाने शुक्रवार, बुधवार आणि विश्रामबाग असे एकामागून एक वाडे उठवले, हे मात्र खरे आहे. जो मनुष्य घरामागून घर बांधतो, त्याला कोणत्याच घरात बरे वाटत नसावे.

विश्रामबाग उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. हा काळ कसला होता? होळकरांच्या स्वारीने दख्खनचा मुलूख उजाड झाला होता, आणि तिच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला होता. लोक अन्नान्न करून मरत होते. अशा दिवसांत सदाशिव पेठेत सागवान कोरले जात होते. तीन चौकांचा वाडा. रस्त्याच्या बाजूचा सारा दर्शनी भाग लाकडी. वरच्या मजल्यावर पुढे आलेला सज्जा. सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर व वर निमुळते होत गेलेले खांब, त्यांच्या माथ्यावर केळीच्या पानाफुलांचे कोरीव काम, खांबाखांबांमध्ये महिरपी. मराठी सुताराचा हात इतका सफाईने चाललेला फार थोड्या ठिकाणी दिसतो. राज्य मोडकळीला आले होते, पण रंधा बोथट झाला नव्हता. राज्याचा आणि कारागिरीचा उतार एकाच वेळी सुरू होतो असे नाही.

मुलांना हे सांगितले म्हणजे ती रागावतात. लोक उपाशी असताना राजा वाडा बांधतो, हे त्यांना समजते आणि सहन होत नाही. हा राग चांगला आहे. तो मी कमी करीत नाही. फक्त फळ्यावर एक हिशेब मांडतो. वाड्याला दोन लाख लागले. वसईच्या तहाने तोडून दिलेल्या मुलुखाचे उत्पन्न सालीना सव्वीस लाख, म्हणजे महिन्याला दोन लाखांच्या वर. सारी विश्रामबाग, तिच्या पायाच्या दगडापासून माथ्याच्या कौलापर्यंत, त्या मुलुखाच्या एका महिन्याच्या वसुलात बसते. आणि तो मुलूख एका महिन्यापुरता गेलेला नव्हता, कायमचा गेला होता. मग पेशवाई कशाने बुडाली? सज्जाच्या नक्षीने, की कागदावरच्या सहीने? आपण नक्षीला नावे ठेवतो, कारण ती डोळ्यांना दिसते. सही दप्तरात असते. चैनीने राज्ये बुडतात हे कीर्तनात ठीक आहे. हिशेबाच्या वहीत मात्र निराळेच आकडे निघतात.

पुढची हकीगत सर्वांच्या परिचयाची आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पंधरवडा उलटण्यापूर्वीच, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बाजीराव महिनोन्महिने पळत राहिला आणि ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन तो कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेला, आणि पुणे त्याने पुन्हा कधी पाहिले नाही. विश्रामबाग त्याला जेमतेम दहा-अकरा वर्षे लाभली.

येथे राजवाड्याची कथा संपते. पुष्कळ राजवाड्यांच्या कथा अशाच संपतात. पुढे वटवाघळे येतात आणि कवी येतात. विश्रामबागेचे तसे झाले नाही. तिची खरी कथा येथून सुरू होते, आणि तिचा धागा दक्षिणेच्या पैशात आहे.

श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल मूळची पेशव्यांची नव्हे. ती सेनापती दाभाड्यांची, तळेगावची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडला आणि दाभाड्यांचे बळ ओसरले. मग ते वाटप पुण्यास आले. पुढे ते वाढत वाढत इतके फुगले की पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात ब्राह्मणांना कोंडून घेऊन, एकेकाला बाहेर सोडताना हातावर पैसे ठेवावे लागत. दाभाड्यांच्या वेळचा विद्येचा मान दुसऱ्या बाजीरावाच्या अमलात गर्दीचा बाजार झाला होता.

राज्य घेतल्यावर एल्फिन्स्टनपुढे प्रश्न पडला, की ह्या दक्षिणेचे करावे काय? ती एकदम बंद करावी, तर पुण्यातला ब्राह्मणवर्ग बिथरेल. आणि चालू ठेवावी, तर पैसा नुसता हातावरून निघून जाईल. तोड अशी निघाली, की त्या पैशातला काही भाग विद्येकडे वळवावा. एल्फिन्स्टन गव्हर्नर होऊन मुंबईस गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या चॅप्लिनने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तिलाच हिंदू कॉलेज म्हणत. जागा नेमली ती विश्रामबागवाडा. जेथे पेशवा विश्रांती घेत होता, तेथे शास्त्रीमंडळी न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र आणि ज्योतिष सांगू लागली.

ह्यात इंग्रजांचे औदार्य पाहण्याचे कारण नाही. पैसा ह्याच मुलुखाचा होता आणि वाडाही ह्याच मुलुखाच्या पैशाचा होता. जिंकलेल्या शहरातला वजनदार वर्ग शांत ठेवणे, हा हेतू उघड होता. पाठशाळाही ब्राह्मणांसाठीच होती. दुसऱ्या कोणासाठी सुरूच्या खांबांखाली बैठक नव्हती. म्हणजे राजाचे दार बंद झाले आणि शास्त्र्यांचे उघडले, एवढाच काय तो फरक. पण दार एकदा उघडले की ते किती उघडावे हे उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुढच्या तीस वर्षांत तेच घडले.

पाठशाळेवर मेजर टॉमस कँडी देखरेखीस आला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात हात असलेला हा इंग्रज मराठी भाषेच्या मागे हात धुऊन लागला होता. मराठी वाक्यात स्वल्पविराम कोठे द्यावा आणि पूर्णविराम कोठे, हे सांगणारे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक त्याने १८५० साली काढले. आज मी कादंबरीचे एखादे वाक्य संपवून पूर्णविराम देतो, तेव्हा त्या ठिपक्यात ह्या माणसाच्या हट्टाचा थोडा अंश असतो. ह्याच पाठशाळेत कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकले. संस्कृतात मुरलेला आणि मग इंग्रजीही आत्मसात केलेला हा पुरुष मराठीत 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' घेऊन आला, आणि मराठी गद्य शास्त्र्यांच्या पडवीतून उठून सर्वांच्या माजघरात गेले. आम्ही कादंबरीवाले ज्यांचे देणे लागतो, त्यांच्यातले हे एक मोठे नाव. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात अलंकारशास्त्र घोकलेल्या विद्यार्थ्याच्या हातून हे झाले.

आता १८४९ सालाकडे वळू. पुण्यातल्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना बक्षीस म्हणून द्यावा, मग लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. अर्जातली शेवटची गोष्ट पुण्याला झोंबली. सह्या करणारांना वाळीत टाकण्याच्या धमक्या आल्या. शहरात गर्दी जमू लागली. तेव्हा बावीस वर्षांचे जोतीराव फुले ह्या मंडळींच्या रक्षणाला माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्ज पुढे गेला. दक्षिणेतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी कमिटी १८५१ साली आली.

१८५१ हे साल मी माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केले आहे. त्या वर्षी २८ जानेवारीला ब्रह्मावर्तात दुसरा बाजीराव वारला. तेहेतीस वर्षे आठ आठ लाखांचा तनखा खाऊन तो गेला. म्हणजे विश्रामबागेसारखे शंभरांवर वाडे झाले असते एवढा पैसा. आणि त्याच वर्षी, त्याच्या सोडलेल्या वाड्यात, जुनी पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघाले. त्यात संस्कृतच्या जोडीला इंग्रजी विद्या आली, आणि ते सर्व जातींना मोकळे झाले. दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध काही नाही. पण वाड्याच्या मूळ मालकाचे डोळे मिटावेत आणि त्याच साली वाड्याची दारे सताड उघडावीत, असे कादंबरीत लिहिले असते तर टीकाकार हसले असते.

ह्याच्या पुढच्या वर्षाचा दिवस विश्रामबागेच्या साऱ्या आयुष्यात मला सर्वांत मोठा वाटतो. १६ नोव्हेंबर १८५२. त्या दिवशी ह्या वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडीने जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. कारण काय? तर मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा त्यांनी चालवल्या होत्या. ज्या पेशवाईत विद्येचा मान म्हणून शालजोडी कोणाला मिळे हे ठरलेले होते, त्या पेशवाईच्या शेवटच्या धन्याच्या दिवाणखान्यात एका माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर ती पडली. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या शाळेतल्या मुलींची जाहीर परीक्षा पूना कॉलेजच्या आवारात झाली, आणि ती पाहायला पुणे लोटले. सावित्रीबाईंवर शेणमाती टाकणारे शहर ते हेच.

येथेही गोड शेवट करण्याची घाई मी करीत नाही. तीनच वर्षांनी, १८५५ साली, जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा कमिटीकडे धाडले. कमिटीने ते नाकारले. बक्षीस कोणत्याही जातीच्या ग्रंथकाराला मिळेल, असे कागदावर झाले होते. पण कागद वाचणारे तेच होते. दार उघडले म्हणजे आत बसलेल्यांची मनेही उघडली असे होत नाही. त्याला आणखी पुष्कळ दिवस लागतात, आणि ते दिवस अजून पुरते संपले आहेत असेही नाही.

पूना कॉलेज मोठे झाले. 'लाइट ऑफ एशिया' लिहून पुढे जगभर गाजलेला एडविन आर्नल्ड १८५७ पासून काही वर्षे त्याचा प्रिन्सिपॉल होता. १८६४ साली कॉलेजचे नाव डेक्कन कॉलेज झाले, आणि १८६८ साली ते येरवड्याच्या बाजूला, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीने उठलेल्या दगडी इमारतीत गेले. विश्रामबागेत मागे हायस्कूलची मुले राहिली.

मग आग आली. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा पेटला आणि विश्रामबागही पेटली. बाजीराव वेलस्लीच्या फौजेबरोबर पुण्यास परतला तो दिवसही १३ मेचाच होता. मधे शहात्तर वर्षे गेली होती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारचा संशय साऱ्या पुण्यावर गेला. बुधवारवाडा पार जळून गेला. शनिवारवाडा १८२८ सालच्या आगीत पूर्वीच गेला होता, शुक्रवारवाडाही आगीनेच नेला होता. विश्रामबागेची पूर्वेची बाजू जळाली, पण रस्त्याकडचा कोरीव दर्शनी भाग वाचला.

जळालेला भाग पुन्हा उभा राहिला तो नगरपालिकेने घातलेल्या पैशाने आणि लोकांच्या वर्गणीने. ही गोष्ट लहान वाटते, पण माझ्या मते सदाशिव पेठेतल्या ह्या घराचा मालकीहक्क येथे बदलला. १८०३ नंतर ज्यांच्या घामातून हा वाडा झाला त्यांना कोणी विचारले नव्हते. १८७९ नंतर त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी आपण होऊन खिशात हात घातला. पहिला पैसा वसुलीचा होता, दुसरा वर्गणीचा. वसुलीच्या पैशाचे घर धन्याचे असते. वर्गणीच्या पैशाचे घर देणाराचे होते.

पुढे १९३० पासून सुमारे तीस वर्षे नगरपालिकेची आणि मग महानगरपालिकेची कचेरी येथे होती. पेशव्याच्या सज्जाखाली नळपट्टी आणि घरपट्टी भरायला माणसे रांगा लावीत. नंतर टपाल कचेरी आली, ग्रंथालय आले. 'पुनवडी ते पुण्यनगरी' नावाचे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले गेले. जाणकार लोक ह्या कचेऱ्यांमुळे हळहळतात. कोरीव खांबांवर खिळे ठोकले, महिरपींत लाकडी फळ्या घातल्या, हे सारे खरे आहे. पण मी उलट विचारतो: ज्या घराचा कोणालाच उपयोग उरत नाही, त्याचे पुण्यात काय होते? ते कोणाच्याही लक्षात न येता पडते. ज्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, तो असाच वर्षानुवर्षे खचत गेला, आणि २०२३ सालच्या डिसेंबरात, स्मारक करण्यासाठी का होईना, उरलासुरला पाडावा लागला. तेथे महिरपी नव्हत्या, सज्जा नव्हता. म्हणून त्याच्याकडे वेळेवर कोणी पाहिले नाही. कोरलेले लाकूड जपायचे आणि कोऱ्या भिंतींची खोली विसरायची, ही आपली रीत आहे. विश्रामबाग वाचली ती नक्षीमुळे वाचली असे आपण समजतो. माझा तर्क असा, की पेशवे गेल्यापासून तिच्या दारात दररोज कोणी ना कोणी काम घेऊन येत राहिले, म्हणून ती वाचली.

तेव्हा हा वाडा कोणाचा? ज्यांना पेशवाईचा अभिमान आहे ते म्हणतात, आमचा. ज्यांना पेशवाईचा संताप आहे ते म्हणतात, आम्हाला त्याचे काय? मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. दुसऱ्या बाजीरावाची ह्या घरातली वर्षे फार तर अकरा. त्याच्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे शास्त्री, मास्तर, विद्यार्थी, कारकून आणि रांगेत उभे राहणारे सामान्य पुणेकर ह्यांनी ते वापरले आहे. माझे स्वतःचे शिक्षण शाळेबरोबर संपले. कॉलेजात जाण्याचा योग माझ्या नशिबी नव्हता. तरीही पुण्यातले पहिले कॉलेज जेथे भरले त्या जागेला मी परका नाही, कारण तेथे घासूनपुसून तयार झालेल्या मराठीतच मी पोट भरतो. वाड्याच्या दारावर इतिहासाची पाटी लावायची झाली, आणि तिच्यावर एकच तारीख मावणार असेल, तर ती वास्तुशांतीची नसावी. ती १६ नोव्हेंबर १८५२ असावी. त्या एका दिवशी हा वाडा बांधणाराच्या हातून कायमचा सुटला.